शब्दचर्चा : मारलं, पाडलं, संपवलं

फोंड्याहून
ऑनलाइन रोलप्ले, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन त्याच्या तोंडून लिहायचा-खेळायचा खेळ, अशा गटाची नियमावली मराठीत करायची आहे. 'डाऊन' (खाली पडणं), 'किल' (मरणं), 'परमाडेथ' (कायमचं मरण) या सगळ्यांना 'मारलं' लिहून भागेल का?

म्हापशाहून
भागणार नाही. 'मारणे' हे क्रियापद चापटीपासून खुनापर्यंत सगळं पोटात घेतं. 'मी त्याला मारलं' वाचून समोरच्याला औषधपाणी करायचं की तिरडी बांधायची, हे कळत नाही आणि निम्मी भांडणं तिथेच सुरू होतात. तीन पायऱ्यांना तीन शब्द ठेवा.

'पाडलं' : पात्र जमिनीवर, पण साथीदार उठवू शकतो. बीजीएमआय हा मोबाइलवरचा गोळीबाराचा खेळ खेळणारी मुलं याला 'नॉक' म्हणतात. डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या रोलप्ले खेळाच्या पाचव्या आवृत्तीत जीवाचे गुण शून्यावर आलेलं पात्रही सहसा इथेच असतं. दर पाळीला वीस बाजूंचा फासा टाकायचा. १० किंवा जास्त पडले तर यश. तीन यशं आधी झाली तर जीव स्थिरावतो, तीन अपयशं आधी झाली तर मरण. म्हणून 'शून्यावर आला' म्हणजे 'मेला' असं लिहू नका.

'ठार' : मेलं, पण परत येतं. शहरी रोलप्लेच्या बऱ्याच सर्व्हरवर परतलेल्या पात्राला मरणाआधीचा प्रसंग आठवत नाही आणि ठरावीक वेळ त्या जागी जाता येत नाही. ती वेळ नियमात मिनिटांत लिहा. 'थोडा वेळ' लिहिलंत की मेलेला लगेच सूड घ्यायला हजर.

'संपवलं' : कायमचं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळाच्या साध्या सर्व्हरवर मेलेलं पात्र भूत होऊन आपल्या प्रेतापर्यंत धावतं आणि पुन्हा उभं राहतं. २०२३ साली आलेल्या हार्डकोर सर्व्हरवर तसं उठता येत नाही. त्याच खेळातल्या साध्या द्वंद्वात हरणाऱ्याचा जीव १ वर थांबतो. तिथे 'चीत केलं' म्हणा.

डिचोलीहून
हुतूतूत हे शब्द आधीपासून आहेत. 'संजीवनी' प्रकारात मेलेला गडी पुन्हा जिवंत होतो, 'गामिनी'त सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसतो. 'रीस्पॉन'ला, म्हणजे मरून परत येण्याला, 'संजीवनी' घ्या, समजावून सांगावं लागणार नाही.

पेडण्याहून
नामापेक्षा क्रियापदाचा काळ जास्त घात करतो. 'मी त्याचं मुंडकं उडवलं' असं लिहिलं की समोरच्याच्या पात्राचं काय झालं ते तुम्हीच ठरवून टाकलंत. यालाच गॉडमॉडिंग म्हणतात. 'मी त्याच्या मानेवर तलवार चालवतो' एवढंच लिहा आणि थांबा. वार लागला, चुकला की ढालीवर घेतला, हे ज्याचं पात्र त्यानेच लिहायचं. मात्र प्रत्येक वार चुकवणं हाही तितकाच मोठा दोष. दशावतारात लेखी संहिता नसते, तरी युद्ध रंगतं ते राक्षसाचं सोंग घेतलेला माणूस वेळेवर आणि जीव ओतून पडतो म्हणून. पडणं ही त्याची कला आहे, ती त्याच्याकडून हिसकावू नका.

'संपवण्या'आधी दुहेरी कंसात, पात्राबाहेर येऊन, सरळ विचारा : 'तुमचं पात्र इथे संपलं तर चालेल का?' उत्तर येईपर्यंत पुढचा वार लिहू नका. गप्प राहणं म्हणजे होकार धरू नये.

फोंड्याहून
आणि 'वध'?

म्हापशाहून
कथेत चालेल, नियमात नको. 'नरकासुरवध' म्हणताना मरणारा दुष्ट होता हे गृहीत असतं. निकालाच्या ओळीत 'अमक्याचा वध' लिहिलं की हरलेल्या खेळाडूवर विनाकारण शिक्का बसतो. उलट, कथेत काहीच कारण नसताना दिसेल त्याला मारत सुटणं, ज्याला 'आरडीएम' म्हणतात, त्याला नियमात बिनदिक्कत 'खून' लिहा, म्हणजे गुन्हा कुठला ते स्पष्ट राहील.

पेडण्याहून
लढतीनंतरचा शब्दही ठरवून ठेवा. ईव्ह ऑनलाइन या अंतराळयुद्धाच्या खेळात आपलं यान गमावलेलेसुद्धा 'जीएफ', म्हणजे चांगली लढत झाली, असं लिहितात. मराठीत 'लढत रंगली' पुरे. 'झोपवला', 'कापला' हे पात्राच्या तोंडी शोभतं. कंसात, माणसाला उद्देशून, लिहू नये.