व्हिडिओ ‘दुर्मिळ’ आहे की नाही हे अर्काइव्हवाले ठरवतात कसं? मदत हवी आहे

निवांत
नमस्कार मंडळी, विषय जरा आडवळणाचा आहे पण इथे जुन्या टेपांमध्ये रमणारे दोनचार जण आहेत हे माहितीये म्हणून विचारतेय.

मावशीचे मिस्टर गेले, त्यांच्या मागे कॅसेटींनी भरलेलं कपाट राहिलंय. जास्त व्हीएचएस, थोड्या व्हिडिओ एट (हँडीकॅमच्या छोट्या कॅसेटी), आणि खालच्या कप्प्यात काही यू-मॅटिक (व्यावसायिक कामात वापरायचे त्या जुन्या कॅसेटी) ज्या चालवायला माझ्याकडे मशीनच नाही. बऱ्याचशा विकत घेतलेल्या सिनेमांच्या आहेत, बऱ्याच टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या (बातम्या, मुलाखती, मध्येमध्ये जाहिराती तशाच), आणि काही काकांनी स्वतः शूट केलेलं, म्हणजे हौशी नाटकांचे प्रयोग, ओळखीच्यांचे समारंभ वगैरे. मावशीला कपाट रिकामं करायचंय आणि मला एकदम फेकून द्यायचा धीर होत नाहीये.

एका अर्काइव्हला, म्हणजे जुन्या फिल्म-टेपा जपणाऱ्या संस्थेला (नाव नको), जुन्या सिनेमांची यादी पाठवली, मला वाटलं हेच दुर्मिळ. उत्तर आलं की हे आमच्या धोरणात बसत नाही, पण टीव्हीच्या कॅसेटींवर तारखा आहेत का आणि जाहिराती कापल्यात की तशाच आहेत ते कळवा. आता जाहिरातींचं यांना काय करायचंय?? जाणकारांनी प्रकाश टाकावा. आणि सगळं डिजिटाइझ करणं खिशाला झेपणार नाही तर सुरुवात कुठून करू?

टेपाळ
त्यांनी बरोबर प्रश्न विचारलाय. विकतच्या कॅसेटच्या हजारो प्रती निघायच्या, वर त्या सिनेमाचं मास्टर, म्हणजे मूळ प्रत कुठेतरी असतंच, मग तुमची तिसऱ्याचौथ्या पिढीची कॉपी (कॉपीवरून काढलेली कॉपी) ते कशाला घेतील. अपवाद आहेत: डीव्हीडीवर कधी न आलेला कट (वेगळं संकलन), वेगळं डबिंग, किंवा मूळ निगेटिव्हच नष्ट झालेला सिनेमा. तेवढं तपासा, बाकीच्या बिनधास्त बाजूला काढा.

टीव्हीचं उलट आहे, कारण चॅनेलांनी स्वतःच ठेवलेलं नसतं. दोन इंची टेप महाग होती आणि पुन्हा वापरता यायची, त्यामुळे बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकात ढीगभर कार्यक्रम पुसून त्याच टेपांवर नवे रेकॉर्ड केले. त्यांच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे नव्वदच्या वर भाग अजून गायब आहेत, आणि जे परत मिळाले त्यातले कितीतरी परदेशी स्टेशनांना पाठवलेल्या फिल्म प्रतींमुळे. २०१३ मध्ये नऊ भाग एकदम परत मिळाल्याचं जाहीर झालं, ते नायजेरियातून. १९६७ चा पहिला सुपर बोल (अमेरिकन फुटबॉलची फायनल) तर दोन टीव्ही नेटवर्कांनी दाखवला आणि दोघांनीही पूर्ण टेप जपली नाही, पुढे एका प्रेक्षकाने केलेलं रेकॉर्डिंग निघालं, तेही मध्येमध्ये तुटलेलं.

जाहिराती, बातम्यांमधल्या सूचना, चॅनेलचा लोगो हे सगळं प्रसारणाचाच भाग, ते मास्टरवर नसतं. म्हणून विचारलं.

आळशी उंट
या न्यायाने जगातली प्रत्येक कॅसेट दुर्मिळ झाली की हो! माझ्या चुलत्यांनी क्रिकेटच्या मॅचवर मॅच रेकॉर्ड केल्यात, पाठवू का सगळ्या?

चेष्टा सोडा, पण हा वाद फार जुना आहे. पॅरिसच्या सिनेमातेक या फिल्म अर्काइव्हचे आंरी लांग्लुआ म्हणायचे मिळेल ते सगळं उचला, आज कचरा वाटतं ते उद्या काय ठरेल सांगता येत नाही. लंडनच्या फिल्म अर्काइव्हचे अर्नेस्ट लिंडग्रेन म्हणायचे निवडून घ्या, नीट नोंद करा, एकुलती प्रत प्रोजेक्टरवर चढवू नका. लांग्लुआंचे किस्से लोक अजून सांगतात, पण १९५९ च्या आगीत त्यांच्याकडच्या फिल्म गेल्या हेही खरं, आणि काय काय गेलं हे सांगायला धड यादी नको का? मी लिंडग्रेनच्या पार्टीचा.

टेपाळ
फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स बाईंनी १९७९ पासून २०१२ मध्ये जाईपर्यंत टीव्हीवरच्या बातम्या सतत रेकॉर्ड केल्या, सत्तर हजारांच्या आसपास टेपा. त्यांनी निवड करत बसायचं ठरवलं असतं तर? शेवटी इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयाने तो अख्खा संग्रह घेतला.

आळशी उंट
घेतला, पण डिजिटाइझ करायला केवढा पसारा! आणि बाईंनी टेपांवर नोंदी ठेवल्या होत्या म्हणून घेता आला. आमच्या चुलत्यांच्या कॅसेटवर ‘मॅच’ एवढंच लिहिलंय.

कपाटबंद
मी एका छोट्या संग्रहात मदत करते, आतली बाजू सांगते. दुर्मिळ आहे की नाही हा पहिला प्रश्न नसतोच. अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जपायलाच हव्यात अशा फिल्मच्या यादीत, दरवर्षी २५ फिल्म घेतात, १९८९ च्या पहिल्याच यादीत ‘कासाब्लांका’ होता, त्याच्या प्रतींना काय तोटा? महत्त्वाचं असणं वेगळं आणि एकमेव असणं वेगळं. शिवाय प्रत्येक संग्रहाचा आपापला विषय ठरलेला असतो, त्याबाहेरचं कितीही एकमेव असलं तरी ते नाहीच म्हणणार, त्यात तुमच्या कॅसेटचा अपमान नाही. मुळात तास मोजावे लागतात हो. एक तासाची टेप कॉपी करायला एक तास लागतोच, त्यात घाई चालत नाही, आणि जपण्याच्या दर्जाची फाइल तासाला कितीतरी जीबी खाते, ती पुढे वर्षानुवर्षं सांभाळायची ते वेगळंच.

त्यामुळे काय, कधीचं, कुणी रेकॉर्ड केलं, कोणत्या मशीनवर, एवढं माहीत असलेली साधी कॅसेट आम्ही बिननावाच्या ‘खजिन्या’आधी घेतो. काकांची डायरी, बिलं, कव्हरमधल्या चिठ्ठ्या काही काही टाकू नका. हक्कांचंही बघावं लागतं, कॅसेट तुमची म्हणून आतला कार्यक्रम तुमचा होत नाही, तेव्हा दान देताना लेखी काय देताय ते वाचून सही करा.

निवांत
बापरे, बरंच डोक्यात उतरलं, सगळ्यांचे आभार. पण काकांनी स्वतः शूट केलेलं? ते तर दुसरीकडे नसणारच ना, मग तेच सगळ्यात दुर्मिळ की कुणालाच नको असलेलं?

कपाटबंद
दोन्ही 😀 एकमेव आहे पण बघणाऱ्याला माणसं कोण ते कळलं तरच उपयोग. मावशींना शेजारी बसवून चालणाऱ्या कॅसेटी लावा आणि त्या जे बोलतील ते मोबाइलवर रेकॉर्ड करा, हे काम आधी करा, डिजिटाइझ नंतर. नाटकांचे प्रयोग रंगभूमीवर काम करणाऱ्या संस्थांना विचारा, मोठ्या फिल्म अर्काइव्हला नको. घरगुती समारंभ मात्र त्यातल्या लोकांना विचारल्याशिवाय नेटवर टाकू नका प्लीज.

फालतू म्हणून कुणी हिणवलं तर रिक प्रेलिंगरांचं सांगा. शाळेतल्या फिल्म, कारखान्यांच्या प्रशिक्षणाच्या फिल्म, जाहिराती असलं कुणी न विचारणारं त्यांनी १९८३ पासून गोळा केलं आणि २००२ मध्ये तो संग्रह थेट लायब्ररी ऑफ काँग्रेसने (अमेरिकेचं राष्ट्रीय ग्रंथालयच म्हणा) घेतला.

टेपाळ
क्रमाचं विचारलंत ते राहिलंच. जे मशीन मिळेनासं होतंय त्याच्या टेपा आधी, म्हणजे यू-मॅटिक, मग व्हिडिओ एट, शेवटी व्हीएचएस. व्हीसीआर बनवणारी शेवटची फुनाई कंपनी २०१६ मध्ये थांबली पण जुने सेट अजून मिळतात. पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट मशीनमध्ये घालायचीच नाही, हेड (मशीनचा टेप वाचणारा भाग) खराब होईल आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागेल. व्हीएचएसची मागची प्लॅस्टिकची टॅब शाबूत असेल तर मोडून टाका, चुकून वर रेकॉर्ड व्हायला नको.

आणि यू-मॅटिक मोठ्या आहेत का लहान?

निवांत
आत्ता बघून आले. सगळ्या लहान, पुस्तकाएवढ्या, लेबलवर फक्त तारखा.

टेपाळ
मग त्यांनाच पहिला नंबर. लहान साइज पाठीवर न्यायच्या रेकॉर्डरसाठी असायची, एकीवर वीसेक मिनिटं, म्हणजे ते बाहेर जाऊन केलेलं मूळ शूटिंग असायची शक्यता बरीच आहे. कुठल्या मशीनमध्ये लावून बघू नका, उभ्या ठेवा, आणि लेबलांचे फोटो काढून इथे टाका.