दहावीच्या वर्गाची भिंत आणि इतिहास-भूगोलाचं घटक नियोजन: सल्ला हवा (नागपूर)

मागची_भिंत
नमस्कार. मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल शिकवते. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडते, म्हणजे हातात आठवडाभर आहे. यंदा वर्गाची मागची अख्खी भिंत मुख्याध्यापकांनी मला दिली. भिंत चुन्याची आहे, बाजूच्या खिडकीत कूलर. बजेट १५०० रुपये, स्वतःच्या खिशातून. फ्लेक्स नको.
भिंतीवर काय लावू, कशाने लावू, आणि घटक नियोजन तिच्याशी कसं जोडू? जूनमध्ये लावलेले तक्ते पोळ्यानंतर मुलं बघतही नाहीत. घटक बदलला की भिंत बदलली पाहिजे, एवढंच मला हवंय.

इतवारीवाला
मॅडम, फ्लेक्सच करा. मी मुलीच्या शाळेला करून दिला, पाणी पडलं तरी काही होत नाही. तीन-चार हजारात भिंत झाकून जाईल.

धरमपेठ_आई
सॉफ्ट बोर्ड घ्या, वरून हिरवं वेलवेट. आमच्याकडे सुताराला बोलावून करून घेतला, सात हजार लागले पण काय दिसतो! टाचण्या लावा, काढा, कितीही वेळा.

मागची_भिंत
ताई, १५०० आहेत हो.

निवृत्त_गुरुजी
डबल टेप चुन्यावर लावू नका. मे-जूनच्या उन्हात गोंद सुटतो, आणि तक्ता खाली येतो तो चुन्याचा पापुद्रा घेऊनच. दोन खिळे, मध्ये सुतळी, तिला कपड्यांचे चिमटे. तक्ते कार्डशीटवर करा, साधी ड्रॉइंगशीट कूलरच्या ओलीनं गुंडाळते. शंभर-दीडशेत काम होतं.
नियोजनाबद्दल: वार्षिक नियोजन आधी परीक्षांवरून मागे मोजत करा. बोर्ड फेब्रुवारी-मार्च, पूर्वपरीक्षा जानेवारी, म्हणजे पोर्शन डिसेंबरात आटोपला पाहिजे. मग घटक. टाचण, म्हणजे रोजच्या तासाची टिपणं, शेवटी.

महालकर
गुरुजींचं बरोबर. मी भर घालतो: नागपूरच्या तारखांवरून घटक बसवा. इंग्रज आणि नागपूरकर भोसल्यांची सीताबर्डीची लढाई २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७. २६ नोव्हेंबर हाच संविधान दिन. मग राज्यशास्त्राचा पहिला धडा, ‘संविधानाची वाटचाल’, त्याच आठवड्यात घ्या, भिंतीवर दोन्ही तारखा शेजारी लावा. १४ ऑक्टोबर १९५६ दीक्षाभूमी. १९२० चं काँग्रेस अधिवेशन, असहकाराचा ठराव, आपल्याच गावात डिसेंबरात. १९२३ चा झेंडा सत्याग्रह. एवढं घरात असताना पोरांना तयार तक्ते काऊन दाखवायचे?

दहावी_ब
महालकर भाऊ, पहिला धडा नोव्हेंबरात नेला तर प्रथम सत्राच्या पेपरला काय विचारणार? आमच्याकडे असं केलं होतं, पालक भांडायला आले.

महालकर
धडा जुलैत शिकवा, उजळणी नोव्हेंबरात. त्यात भांडण कशाचं?

भूगोलप्रेमी
सगळे इतिहासावरच बोलून राहिले. भूगोलाचं अख्खं पुस्तक भारत-ब्राझील तुलनेचं आहे. झीरो माइलचा फोटो लावा, भारताचा मध्यबिंदू.

निवृत्त_गुरुजी
मध्यबिंदूचं तेवढं मुलांना ठामपणे सांगू नका. तिथला दगड १९०७ चा, सर्वेक्षणात उंची मोजायचा संदर्भबिंदू. समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. समोच्चरेषा शिकवताना याहून चांगलं उदाहरण नाही.

भूगोलप्रेमी
गुरुजी, आम्ही लहानपणापासून मध्यबिंदूच ऐकत आलो. पाटीच आहे तशी.

इतवारीवाला
झीरो माइलचा फ्लेक्स मस्त दिसेल. ओळखीचा माणूस आहे, रेट लावून देतो.

धरमपेठ_आई
नकाशा घेताना नीट बघा. मागच्या वर्षी एका दुकानदारानं जुना माल गळ्यात मारला, त्यात तेलंगणही नव्हतं! बदलून द्यायला तयार नाही. आता २८ राज्यं, ८ केंद्रशासित प्रदेश पाहिजेत, लडाख वेगळं.

दहावी_ब
त्यापेक्षा भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा बघून मुलांकडूनच काढून घ्या. सीमारेषा बरोबर येतात आणि अंतर्गत मूल्यमापनाच्या २० गुणांत धरता येतं. आणि सुतळी-चिमटेच, गुरुजी म्हणाले तसं.

अजब_बंगला
‘ऐतिहासिक ठेव्यांचे जतन’ हा धडा वर्गात बसून शिकवू नका, एवढीच विनंती. सिव्हिल लाइन्सचं मध्यवर्ती संग्रहालय १८६३ चं आहे. सोमवार सोडून न्या. प्रत्येक मुलानं एकच वस्तू निवडायची, तिच्यासमोर बसून चित्र काढायचं, खाली लिहायचं: कशाची, कुठली, कशामुळे खराब होऊ शकते. ऊन, ओल, हात लागणं, वाळवी. तीच चित्रं भिंतीवर लावा. माझ्या वर्गातली एक मुलगी ताम्रपटाच्या कडीसमोर तास संपेपर्यंत बसून होती. पुढे उत्तरपत्रिकेत तिनं कडी, शिक्का, अक्षरांची ओळ, सगळं न बघता उतरवलं. सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे, मोजक्या दिवशीच उघडतो, त्याच्या भरवशावर सहल ठरवू नका.

मागची_भिंत
सगळ्यांचे आभार. ठरवलं. सॉफ्ट बोर्ड नाही, फ्लेक्स नाही, सुतळीही नाही. भिंतीवर छातीच्या उंचीला दोन हात रुंदीचा आडवा पट्टा फळ्याच्या काळ्या रंगानं रंगवून घेते. या टोकापासून त्या टोकापर्यंत कालरेषा, खडूनं. वरच्या बाजूला भारत आणि नागपूर, खालच्या बाजूला ब्राझील. घटक संपला की मुलं स्वतः नोंद करतील, चुकलं तर पुसतील.
रेषा आखतानाच एक गोष्ट लक्षात आली: ब्राझीलनं राजधानी रिओहून ब्राझिलियाला नेली ती २१ एप्रिल १९६० ला, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. त्याआधी १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूरचं, तेव्हाच्या मध्य प्रदेशचं, राजधानीपण गेलं. राजधानी हलली की शहराचं काय होतं, हा प्रश्न माझ्या वर्गातली पोरं घरच्या आजोबांना विचारून येऊ शकतात. यावरच पहिला घटक बांधते, इतिहास-भूगोल एकत्र. संग्रहालय दिवाळीनंतर नक्की.

धरमपेठ_आई
खडूची धूळ होईल. वेलवेटचा विचार करा अजून.

निवृत्त_गुरुजी
चुन्यावर थेट रंग धरणार नाही. आधी पत्र्यानं खरवडा, ओल्या फडक्यानं पुसा, वाळल्यावर पुट्टी, घासकागद, प्रायमर, मग रंगाचे दोन हात. पट्ट्याला एक लिटर पुरेल. पाऊस लागायच्या आत करा, नंतर हात वाळता वाळत नाही. आणि कूलरकडची कड हातभर सोडा, तिथे पोपडे येतील.