नंबर कोणाचा असतो ते आधी पाहा
"कपाशीच्या चर्चेत बाया लिहीत नाहीत, त्यांना रस नाही," असं वर एका दादांनी म्हटलंय. मला नाही पटलं. आमच्या घाटंजीकडे (यवतमाळ जिल्हा) शेतकऱ्यांच्या फोनवरच्या गटात नंबर असतो सातबारावाल्याचा. फोन त्याच्या खिशात, बाई वावरात. २०१७ ला गुलाबी बोंडअळी आली तेव्हा निंदताना डोमकळी आधी माझ्या जाऊबाईंना दिसली: पाकळ्या चिकटलेल्या, फूल उमलतच नाही, आत अळी. गटात ती बातमी चार दिवसांनी गेली, भासऱ्यांच्या नावानं! आता आम्ही काही जणी भांडी झाल्यावर निरोप बोलून पाठवतो, टाइप करायला वेळ कुठे? कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारा सापळा) सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की फवारणीचं सांगतो. दादा, ते निरोप ऐकत जा.