बॉल पायथन आणलाय पण काही खातच नाही, काय करू?

कोलंबसकर:
नमस्कार मंडळी, इथे कुणी साप पाळलाय का? हसू नका, सिरीयसली विचारतोय. आम्ही ओहायोत कोलंबसला असतो. लेकीला कुत्रा नको, मांजर नको, सापच हवा होता, कधीपासून मागे लागली होती, शेवटी एका रेप्टाइल शोमधून (सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रदर्शनातून) बॉल पायथनचं, म्हणजे छोट्या जातीच्या अजगराचं, पिल्लू आणलं. हातभर लांब असेल. आणून महिना होत आला आणि अजून एक घास पोटात नाही त्याच्या.

काचेचा टँक आहे, वर जाळीचं झाकण, एक लाल बल्ब दिवसरात्र चालू, काचेवर चिकटवायचा गोल थर्मामीटर आहे तो ८५ दाखवतो. लपायला लाकडाचा अर्धा ओंडका. फ्रोझन उंदीर आणलेत, गरम पाण्यात टाकून मऊ झाला की दुपारी चिमट्याने तोंडासमोर धरतो. तो सरळ स्वतःचा चेंडू करून डोकं आत घालून बसतो. एक दिवसाआड प्रयत्न चालू आहेत. विकणारा म्हणाला होता "छान खातो". सासूबाई सांगलीहून व्हिडिओ कॉलवर रोज सांगतात वाटीभर दूध ठेवून बघा. बायकोने फ्रीजरमध्ये उंदरांच्या डब्यावर लाल मार्करने फुली मारून ठेवलीय, तो वेगळाच विषय. जिवंत उंदीर सोडून बघू का? का डॉक्टरकडे नेऊ? लेक रडकुंडीला आलीय.

डॅलसचा_गण्या:
दादा आधी घाबरणं बंद करा. बॉल पायथन न खाण्यासाठी प्रसिद्ध आहे, जगभर सापवाल्यांची सगळ्यात जास्त बोंब याच जातीबद्दल असते. पिल्लू मोठ्यापेक्षा लवकर खंगतं हे खरं, पण तब्येत बरी असेल तर महिन्याभरात मरत नाही. मोठे नर तर थंडीच्या सीझनमध्ये महिनोन्महिने तोंड उघडत नाहीत आणि वजन जेमतेम हलतं.

तुमचं वाचून मला तरी आजार वाटत नाही, मांडणीचा घोळ वाटतो. हा साप मूळचा पश्चिम आफ्रिकेतला, घाना टोगो बेनिन त्या बाजूचा. तिथे दिवसभर उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात पडून असतो आणि रात्री बाहेर निघतो. म्हणजे त्याला हवं काय तर अंधार, अडचणीची जागा, ऊब आणि दमटपणा. आणि तुमच्याकडे आहे काय, तर चारी बाजूंनी काच, वर चोवीस तास लाल दिवा आणि दोन्हीकडून उघडा ओंडका. अशा ठिकाणी तो जेवायचा विचार करणार की जीव वाचवायचा?

तो काचेवरचा गोल थर्मामीटर काढून फेका, तो काचेजवळच्या हवेचं तापमान सांगतो आणि तेही धड नाही. वायरच्या टोकाला प्रोब असलेला डिजिटल घ्या आणि प्रोब जमिनीवर ठेवा जिथे साप पोट टेकतो. गरम बाजू ८८ ते ९२ फॅरनहाइट, थंड बाजू ७६ ते ८०. सापाला स्वतःच्या अंगाची ऊब नसते, पोटातलं पचवायला बाहेरची ऊब लागते, ती नसेल तर तो खातच नाही, आणि खाल्लं तरी ओकून टाकतो. लाल बल्ब काढून सिरॅमिक हीटर लावा, त्याला उजेड नसतो. थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला हीटर बंद करणारं यंत्र) पाहिजेच, तो नसेल तर हीट मॅटने, म्हणजे टँकखाली ठेवायच्या गरम चटईने, पोट भाजलेले साप बघितलेत मी, फार वाईट दिसतं ते.

ह्युमिडिटी (हवेतला दमटपणा) ६० टक्क्यांच्या आसपास. तुमच्याकडे थंडीत हीटिंग चालू असणार म्हणजे घरातली हवा एकदम कोरडी, त्यात जाळीतून होतं नव्हतं तेही उडून जातं. जाळीचा बराचसा भाग फॉइलने झाका, हवेपुरती फट ठेवा, खाली नारळाचा भुसा जाडसर घाला. सीडरचा (देवदारासारख्या लाकडाचा) भुसा चुकूनही नको, त्याचा वास सापाला बाधतो. लपायच्या जागा दोन, एक गरम बाजूला एक थंड बाजूला, एकच दार असलेल्या आणि इतक्या अडचणीच्या की अंग तिन्हीकडून टेकलं पाहिजे. टँकच्या तीन बाजूंना बाहेरून काळा कागद.

आणि लेकीला सांगा, खाईपर्यंत हात लावायचा नाही. मैत्रिणींना दाखवायला काढत असेल तर ते आधी बंद. रोज रोज तोंडासमोर उंदीर नाचवणंही बंद, प्रत्येक नकारानंतर तो जास्त बिथरतो. आता आठवडाभर फक्त पाणी बदला, बाकी त्या खोलीत साप आहे हे विसरून जा.

शिकागोची_मृणाल:
वरचं सगळं बरोबर आहे, मी एक्झॉटिक प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते म्हणून दोन गोष्टी ॲड करते.

जिवंत उंदीर सोडून झोपायला जाऊ नका, प्लीज. भूक नसलेला साप उंदराला काही करत नाही, पण उंदराला भूक लागली की तो सापाला कुरतडतो. पाठीचं हाड दिसेपर्यंत खाल्लेले साप आमच्याकडे येतात.

डॉक्टरकडे कधी न्यायचं, तर श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, नाकातोंडाशी बुडबुडे, तोंड उघडं ठेवून मान वर करून बसणं, खवल्यांमध्ये किंवा पाण्याच्या वाटीत काळे बारीक ठिपके म्हणजे माइट्स (गोचिडीसारखे बारीक किडे), हिरड्यांवर पू, किंवा पाठीचा कणा धारेसारखा वर आलेला. यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, आणि साध्या कुत्रामांजरवाल्याकडे नको, रेप्टाइल बघणारा व्हेट शोधा, जाताना ताजी शी मिळाली तर पिशवीत घेऊन जा. यातलं काही नसेल तर आठवड्यातून एकदा वजन करा, किचनचा काटा चालतो (वेगळा घ्या हो). हातात न धरता डब्यात घालून ठेवायचं, डब्याचं वजन वजा. आणलं तेव्हापेक्षा १० टक्क्यांच्या वर उतरलं तर फोन करा.

दूध नको. सापाला दूध पचत नाही. नागपंचमीला जे पितात ते बिचारे आधी तहानलेले ठेवलेले असतात.

पेठेतला_पक्या:
अरे वा, सासूबाई सांगलीच्या म्हणजे बत्तीस शिराळ्याजवळच्या की काय, मग त्यांना सापातलं जास्त कळणार 😄 बाय द वे पुण्यात हे बॉल पायथन इन्स्टावर विकताना दिसतात, इथे ठेवता येतो का? नाग धामण ठेवता येत नाही हे माहितीय.

डॅलसचा_गण्या:
पक्या, आपले देशी साप कुठलेच नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसतात, अगदी गच्चीवर सापडलेलं दिवड सुद्धा घरात ठेवायचं नाही. बॉल पायथन परदेशी असला तरी साइट्सच्या (CITES, धोक्यातल्या प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याची नोंद करावी लागते, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर, २०२४ ला त्याचे नियम आले. इन्स्टावाल्याकडे कागद माग, लगेच ब्लॉक करेल बघ. आणि पुण्यात फ्रोझन उंदीर कुठून आणणारेस ते आधी सांग.

कोलंबसकर:
सगळ्यांचे खूप आभार. प्रोबवाला थर्मामीटर आला, ओंडक्याखाली जमिनीवर ७७ निघाले, तेही गरम बाजूला! ह्युमिडिटी तर विचारूच नका, ३० च्या खाली. आता सिरॅमिक हीटर, थर्मोस्टॅट, फॉइल, काळा कागद, दोन गुहा सगळं झालं. शिट्टी बुडबुडे ठिपके काही नाही, वजन जवळजवळ तेवढंच आहे. विकणाऱ्याला मेसेज केला तर म्हणतो मी जिवंत उंदरांवर वाढवलाय, फ्रोझन त्याने कधी खाल्लं नाही. हे तेव्हा बोलायला काय झालं होतं याला? आता मेलेला उंदीर खायला शिकवायचा कसा?

डॅलसचा_गण्या:
हां, मग कोडं सुटलं. त्याच्या दृष्टीने तुम्ही समोर धरलेली वस्तू खायची आहे हेच त्याला कळलं नसणार. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर खाचा असतात ना, त्यातून त्याला उष्णता कळते, अंधारात तो गरम वस्तूवर झडप घालतो. कोमट उंदीर म्हणजे त्याला दगडच.

उंदीर आदल्या रात्री फ्रीजरमधून खालच्या फ्रीजमध्ये ठेवा. संध्याकाळी झिपलॉक पिशवीत घालून नळाच्या गरम पाण्यात, पिशवीतच म्हणजे ओला होत नाही आणि वास धुतला जात नाही. उकळतं पाणी नको, मायक्रोवेव्ह तर अजिबात नको, पोट फुटून जो वास सुटेल त्याने वहिनी तुम्हाला सापासकट बाहेर काढतील. शेवटी डोक्याकडची बाजू हेअर ड्रायरने अजून गरम करा, साधारण १०० फॅरनहाइट, अंगापेक्षा डोकं गरम पाहिजे. साइज सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढी, मोठा नको.

रात्री, खोलीतले दिवे घालवून, लांब चिमट्याने शेपटीकडून धरायचा, गुहेच्या तोंडापासून वीतभर लांब, आणि उंदीर चालतो तसा हळू हलवायचा. अंगावर ढकलायचा नाही, त्याने येऊन धरला पाहिजे. जीभ भराभर बाहेर यायला लागली, मान इंग्रजी एससारखी मागे गेली की तुम्ही पुतळा व्हायचं. नाहीच धरला तर गुहेच्या दाराशी ठेवून द्या, सकाळी तसाच असला तर फेकायचा, परत गोठवायचा नाही. मग परत पाचसात दिवस सुट्टी. पेट शॉपमधून जिवंत उंदरांच्या पिंजऱ्यातला मूठभर भुसा मागून आणा, त्यात मेलेला उंदीर घोळवला की वासाने बरेच साप फसतात.

शिकागोची_मृणाल:
आणि खाल्लं की दोन दिवस तरी उचलायचा नाही. ओकला तर मात्र लगेच परत द्यायचं नाही, दोन आठवडे पोटाला आराम आणि मग नेहमीपेक्षा छोटा उंदीर.

कोलंबसकर:
काल रात्री भुशात घोळवून ड्रायर मारून धरला. पहिल्यांदाच डोकं बाहेर काढून उंदराच्या मागे मागे आला! झडप घातली, वेटोळं घातलं, आम्ही तिघं श्वास रोखून, आणि मग सोडून देऊन आत निघून गेला. सकाळी उंदीर तिथेच. आज लेक म्हणतेय त्याचे डोळे निळसर दुधी दिसतायत आणि रंग फिका पडलाय. हा आजार तर नाही ना?

डॅलसचा_गण्या:
अहो कात टाकणार तो! त्यात त्यांना नीट दिसत नाही, बहुतेक खातही नाहीत. झडप घातली ना, मग अर्धं काम झालं. आता काही देऊ नका, ह्युमिडिटी ७० पर्यंत न्या, एका गुहेत ओलं मॉस (शेवाळ) ठेवा. कात अख्खी निघाली का बघा, डोळ्यांवरच्या पारदर्शक टोप्या आणि शेपटीचं टोक धरून. मग दोनतीन दिवसांनी रात्री परत उंदीर, त्या वेळी भूक जास्त असते.

पेठेतला_पक्या:
काका कात टाकली की फोटो टाका. वहिनींच्या फ्रीजरचा पण.