मदत हवी आहे: क्लिनिकला तिसाच्या वर मुलं, पेशंटला हातच लागत नाही

पिंपळपान
सरळ विचारते. एमबीबीएसला आहे, वॉर्डात पोस्टिंग चालू आहे. क्लिनिक म्हणजे पेशंटच्या बेडपाशी शिकवणं, पण बॅच मोठी, बेड एक. पुढच्या रांगेतले पाच-सहाजण हात लावतात, मागे फक्त सरांचा आवाज येतो, तोही अर्धाच. आज वाढलेल्या स्प्लीनची (प्लीहेची) केस होती. सगळे म्हणाले 'लागली'. माझा नंबर येईपर्यंत सर पुढच्या बेडला. लॉगबुकवर सही मात्र झाली. परीक्षेत हीच केस आली तर काय सांगू? व्हिडिओ सुचवू नका, सगळे बघून झालेत. लवकर सांगा, पोस्टिंग संपत आलंय.

कडुलिंब
कोणतं वर्ष? मेडिसिन की सर्जरी? क्लिनिक संपल्यावर वॉर्डात जाता येतं का? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

पिंपळपान
थर्ड इयर, मेडिसिन. जाता येतं, पण सिस्टर हाकलतात.

ध्येयपीजी
क्लिनिकच्या मागे लागू नकोस. पीजीची (एमडी-एमएसची) सीट एमसीक्यूवर, म्हणजे पर्यायी प्रश्नांवर मिळते. आत्तापासून रोज प्रश्न सोडव.

कडुलिंब
तिने पीजीचं विचारलेलंच नाही. आणि उद्या पेशंटच्या पोटावर एमसीक्यू ठेवणार का?

जुना_हाउसमन
तुमच्या युनिटचा ॲडमिशन डे कोणता ते बघ आणि त्या संध्याकाळी वॉर्डात जा. ताजे पेशंट येतात, जेआर (ज्युनिअर रेझिडेंट, पीजी करणारा डॉक्टर) एकटा असतो. त्याचं थोडं काम हलकं कर, तो शिकवतो. आम्ही सगळे असेच शिकलो.

आता स्प्लीन. पेशंटच्या उजवीकडे उभी राहा, त्याला गुडघे मुडपायला सांग. हात उजव्या इलियाक फॉसापासून, म्हणजे पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यापासून सुरू कर. थेट डाव्या बरगडीखाली बोटं घातलीस तर फार मोठी स्प्लीन हुकते, कारण तिची कड तुझ्या हाताच्याही खाली असते. श्वास आत घेताना हात स्थिर ठेव, कड येऊन बोटाला टेकते. श्वास सोडला की हात थोडा वर, डाव्या बरगडीकडे. तरी नाही लागली तर पेशंटला उजव्या कुशीवर वळव आणि डाव्या हाताने मागून बरगड्यांना आधार दे. साधारण दुप्पट-तिप्पट वाढल्याशिवाय ती लागतच नाही, म्हणून मैत्रिणीच्या पोटावर सराव करून फक्त पद्धत बसते. खरी कड पेशंटकडेच कळते.

रातराणी
सर, स्प्लीनचं उत्तम सांगितलंत. पण 'जेआरचं काम हलकं कर' याला माझा ठाम विरोध. रात्रभर सॅम्पल पोचवायची, शिकणं शून्य. २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात लर्नर-डॉक्टर पद्धत चक्क लिहिलेली आहे. विद्यार्थ्याला पेशंट वाटून द्यायचे, ॲडमिशनपासून डिस्चार्जपर्यंत त्याने ते फॉलो करायचे. तुमच्या सीआरने (वर्गप्रतिनिधीने) एचओडींकडे (विभागप्रमुखांकडे) हेच मागावं. पाच-पाचचे गट, प्रत्येक गटाला एक बेड, सर यायच्या आधी केस काढून तयार.

जुना_हाउसमन
कागदावर ठीक आहे. ओपीडी सांभाळून सहा गटांना शिकवायला माणसं कुठून आणणार? तिचं पोस्टिंग संपत आलंय, अर्जाचं उत्तर येईपर्यंत ती सर्जरीला गेलेली असेल.

रातराणी
आमच्याकडे एसआरनी (सीनियर रेझिडेंटनी) स्वतःहून केलं, अर्ज लागला नाही. कोणी मागतच नाही म्हणून होत नाही.

नवा_ॲप्रन
सेकंड इयरला आहे. स्टेथो लिटमनचाच घ्यावा का?

कडुलिंब
नवा धागा काढ. तोवर एवढंच, बेल (छातीवर टेकवायची वाटीसारखी बाजू) असलेला घे. मायट्रल स्टेनोसिसचा (हृदयाची झडप अरुंद झाल्याचा) मर्मर, म्हणजे जादा आवाज, बेलनेच ऐकतात.

माजघर
मी डॉक्टर नाही. माझे वडील जनरल वॉर्डात होते. सकाळी मुलांचा घोळका आला, एकामागून एक पोट दाबत गेले. शेवटी बाबांनी चादर ओढून घेतली, कोणाशी बोलेनात. दुपारी त्यातलीच एक मुलगी एकटी आली. स्टुलावर बसली, 'बाबा, जेवलात का?' म्हणाली, हात चोळून गरम केले आणि मग विचारलं, बघू का पोट? बाबांनी स्वतः सदरा वर केला. गट पाचचा की तिसाचा यावर तुम्ही भांडा, पण आधी माणसाला विचारत जा.

पिंपळपान
हे मनापासून पटलं, काका. पण सिस्टरचं काय करू?

पांढरी_टोपी
वॉर्डात बरीच वर्षं ड्यूटी केली म्हणून सांगते. इंजेक्शनच्या वेळेला आणि ड्यूटी बदलताना येऊ नकोस. तेव्हा आम्हाला बोलायला फुरसत नसते आणि मुलं ट्रॉलीच्या वाटेत उभी असतात. आधी टेबलाशी येऊन नाव, बॅच आणि कोणता बेड बघायचाय ते सांग. एकटी किंवा दोघी या. पडदा लाव. केसपेपर वाचलास तर जागेवर ठेव. मग कोणी हाकलत नाही, उलट कोणत्या पेशंटला बोलायला आवडतं ते आम्हीच सांगतो.

पिंपळपान
ठीक आहे, मैत्रिणीला घेऊन उद्या दुपारी जाते. स्प्लीनवाले आजोबा अजून ॲडमिट आहेत. सीआरशी पण बोलते. प्लुरल इफ्यूजनचं (फुप्फुसाभोवती पाणी साठल्याचं) पर्कशन, म्हणजे छातीवर बोटाने ठोकून तपासणं, कोणी असंच नीट सांगेल का? परवा तीच केस आहे.