मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन ओबानला जायचंय

नमस्कार मंडळी, मे महिन्यात आई-बाबा ग्लासगोला आमच्याकडे येताहेत. त्यांना स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं ओबान गाव दाखवायची फार इच्छा आहे. रेल्वेने साधारण तीन तास, आणि स्टेशन धक्क्याला लागूनच, त्यामुळे तिथवर काळजी नाही. पण आईचे गुडघे दुखतात. टेकडीवरचा मॅककेग टॉवर, १८९७ साली सुरू होऊन अपुरा राहिलेला, तिथे टॅक्सी अगदी वरपर्यंत जाते का? शिवाय फेरीने मल बेट, मग बस, मग छोट्या बोटीने आयोना बेट, हे एका दिवसात झेपेल की मुक्काम करावा? बाबा मालवणचे, त्यांना धक्क्यावर कालवं-खेकडे खाऊ घालणारच. आई मात्र शाकाहारी. तिच्यासाठी काय मिळेल? वयस्कर माणसांना घेऊन कोणी गेलं असेल तर प्लीज सांगा.