शब्दचर्चा: इंटेलिजन्स म्हणजे बुद्धी, अक्कल की बातमी?

मांडवीचा_मुलगा:
मंडळी एक शंका. इथे बडोद्यात गुजराती पेपरात रोज असतं, पोलीसने बातमी मळी, बातमीदारे कह्युं वगैरे, म्हणजे बातमी ही खबऱ्याने कानात सांगितलेली गोष्ट. आणि आपल्या घरी आजोबा संध्याकाळी बातम्या लावतात त्या सगळ्या जगाला ऐकू जातात. पुण्याची आत्या आली होती तिला पेपरातली ओळ वाचून दाखवली तर म्हणाली, बातमीदार पोलिसांकडे कशाला गेला, त्याने छापायला नको का? इंग्लिशमधे पण इंटेलिजन्सचं असंच काहीतरी आहे ने? इंटेलिजन्स ब्युरोच्या नावात बुद्धी कुठून आली, की ती बुद्धी नाहीच?

जुना_दांडियाबाजार:
नाहीच. शब्द लॅटिन, इंटर म्हणजे मधे आणि लेगेरे म्हणजे वेचणे, चारातून एक उचलणे, आणि हेच लेगेरे पुढे वाचणे या अर्थानेही वापरलं गेलं (आपल्याकडे वेचणे नि वाचणे शेजारी बसतात तो निव्वळ योगायोग, उगाच नातं जोडू नका). तर आधी उमगणं, समजण्याची शक्ती, आणि चौदाव्या शतकाच्या शेवटी हा शब्द फ्रेंचमधून इंग्लिशमधे आला तो याच अर्थाने. पंधराव्या शतकात त्याला दुसरा अर्थ चिकटला, समजलेली गोष्ट म्हणजे खबर. मग जुन्या इंग्लिश पेपरात जहाजं कधी आली कधी सुटली त्या रकान्यावर शिपिंग इंटेलिजन्स असं छापायचे, अमेरिकेत तर पेपरांची नावंच इंटेलिजन्सर, सिॲटलचं पोस्ट-इंटेलिजन्सर माहीत असेल. त्यात गुप्त काही नव्हतं. पुढे सैन्य आणि पोलीस यांच्या तोंडी तोच शब्द गुप्त खबरेपुरता राहिला. १८८७ साली इंग्रजांनी आपल्याकडे जी शाखा काढली तिचाच पुढे इंटेलिजन्स ब्युरो झाला, ती मंडळी बुद्धी गोळा करत नाहीत, खबरा गोळा करतात. महाराष्ट्रात तिकडच्या खात्याला राज्य गुप्तवार्ता विभाग म्हणतात, चांगला शब्द आहे. दिल्लीच्या हिंदीत आसूचना, तो मात्र कोणाच्या तोंडी बसला नाही.

वडोदरा_एक्सप्रेस:
म्हणजे इलेक्शन, सिलेक्शन, कलेक्शन, लेक्चर, सगळे एकाच लेगेरेचे? इलेक्शन आणि इंटेलिजन्स सख्खे भाऊ, बोलणं मात्र बंद 😄

रावपुऱ्याची_सून:
काका तुमचं बरोबर पण मला बुद्धीबद्दल बोलायचंय, कारण सगळे इंटेलिजन्स म्हणजे बुद्धी असं लिहून मोकळे होतात आणि मराठीत बुद्धी तेवढीच नाहीये. सूडबुद्धीने कारवाई केली असं आपण म्हणतो तेव्हा त्यात हुशारीचा काय संबंध? तिथे बुद्धी म्हणजे हेतू. द्वेषबुद्धी, परोपकारबुद्धी, बुद्धिपुरस्सर केलं म्हणजे मुद्दाम केलं. "तुला कुठून ही बुद्धी झाली" असं सासूबाई विचारतात तेव्हा त्या माझा आयक्यू विचारत नसतात. आणि विनाशकाले विपरीत बुद्धी, तिथेही डोकं चालतंय, फक्त भलतीकडे. म्हणून मला वाटतं बुद्धिमत्ता हा लांबलचक शब्द आणावा लागला, बुद्धी असण्याचा गुण. कृत्रिम बुद्धी म्हटलं तर यंत्राच्या मनात काहीतरी आहे असं वाटतं. (आणि बुद्धीमत्ता असं दीर्घ लिहू नका प्लीज, पुढे मत्ता लागलं की धि ऱ्हस्व.)

मांडवीचा_मुलगा:
वहिनी हे भारी! हा हेतूवाला अर्थ डोक्यातच नव्हता आला.

फतेहगंजवाली:
माझी भर. बुद्धी हा शब्द बुध् धातूचा, बुध् म्हणजे जागं होणं, बोध आणि बुद्ध तिथलेच. आणि हुशार हा फारसी होशियार, होश म्हणजे शुद्ध, भान. म्हणजे दोन वेगळ्या घरातून आलेले शब्द आणि दोघांचाही मूळ मुद्दा झोपू नका इतकाच. अक्कल मात्र एकदम उलट, अरबी अक़्ल, त्याच धातूचा इक़ाल म्हणजे उंटाचा पाय बांधायची दोरी. जी तुम्हाला सुटू देत नाही ती अक्कल. आणि बघा ने वापरात तो फरक अजून दिसतो, मुलगा गणितात हुशार असतो पण अक्कल नसते, हे वाक्य आपण किती सहज बोलतो, आणि याचं इंग्लिश करायला बसलं की इंटेलिजन्स दोन्हीकडे घालावं लागतं. कागदपत्रात पण राजीखुशीने व अक्कलहुशारीने सही केली, दोन्ही लागतात तेव्हा कुठे दस्त पक्का.

वडोदरा_एक्सप्रेस:
गुजरातीत अक्कलदाढेला डहापणनी दाढ म्हणतात, म्हणजे शहाणपणाची दाढ. आणि आपला दीडशहाणा तिकडे दोढडाह्यो, दीडच, पावणेदोन नाही! दोन भाषांनी मिळून माप पक्कं केलेलं दिसतंय.

जुना_दांडियाबाजार:
एआयवाल्यांसाठी एक. हिंदी पेपर कृत्रिम मेधा लिहितात, आपण हसतो, पण अमरकोश, म्हणजे संस्कृतचा जुना शब्दकोश, काय म्हणतो, धीर्धारणावती मेधा, जी धरून ठेवते ती बुद्धी म्हणजे मेधा. वाचलेलं सगळं धरून ठेवणाऱ्या यंत्राला हाच शब्द जास्त प्रामाणिक आहे असं माझं मत. १९५५ मधे अमेरिकेत जॉन मॅकार्थी वगैरे संशोधक मंडळींनी आर्टिफिशियल इंटेलिजन्स हे नाव लिहिलं ते डार्टमथ कॉलेजातल्या उन्हाळी बैठकीच्या प्रस्तावात, तेव्हा मराठीत कोणी विचारायला नव्हतं. नाहीतर आपल्याकडे शब्द पाडायची हौस जुनी, सयाजीराव महाराजांच्या काळात १९३१ साली कारभारातल्या शब्दांचा आठ भाषांतला श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु निघाला तो याच गावात.

फतेहगंजवाली:
मेधा धरते हे खरं, पण काका ते यंत्र उत्तर लिहिताना दरवेळी पुढचा शब्द निवडतं पण, मग तुमचं लेगेरे आलंच की. निवडीचा अर्थ हवा तर विवेक आहे, विच् म्हणजे वेगळं करणं, पाखडणं. फक्त आपण विवेकाला इतकं सोवळं केलंय की कृत्रिम विवेक म्हटलं की कीर्तन सुरू झाल्यासारखं वाटतं.

रावपुऱ्याची_सून:
आणि हेरणे कुणालाच आठवलं नाही! हेर म्हणजे गुप्तचर, आणि "तिने बरोबर पोरगं हेरलं" म्हणजे गर्दीतून नेमका वेचला. खबर काढणं, चटकन लक्षात येणं आणि निवडणं, तिन्ही एका क्रियापदात. इंटेलिजन्सच्या एवढं जवळ दुसरं कोणी जात नाही. अडचण एकच, त्याचं नाम करायला गेलं की हेरगिरी होते आणि बदनामी होते.

मांडवीचा_मुलगा:
वहिनी मग ऑफिसात आमच्या सॉफ्टवेअरचं बिझनेस इंटेलिजन्स असं पान आहे, भाषांतरवाल्याने व्यावसायिक बुद्धिमत्ता केलंय, ते चालेल?

रावपुऱ्याची_सून:
त्या पानावर काय दिसतं?

मांडवीचा_मुलगा:
कोणत्या दुकानात किती माल गेला, मागच्या महिन्यापेक्षा जास्त की कमी, असले तक्ते.

रावपुऱ्याची_सून:
मग ती बुद्धी कुठे आहे, ती बातमी आहे, आणि ती पण काकांच्या जहाजांच्या रकान्यासारखी. व्यवसायाची माहिती लिही नि मोकळा हो.